सुगतची बोली

रांझी, जबलपूर
९ नोव्हेंबर २०२२

श्रद्धा,

जय भीम.

गाडी हलल्यावर तू खिडकीतून मला म्हणाली होती, "ताई, आता मला तिकडचं काही सांगू नका." मी ते पाळलं. तुझा नंबर बदलला, मी नवा शोधला नाही. आई गेली तेव्हाही कळवलं नाही. दुसऱ्या कोणाकडून कळलं असेलच. आज मात्र तुझं ऐकत नाही. हे पत्र तुझ्या आईच्या पत्त्यावर, नागपूरला इंदोऱ्यात, पाठवते. तू न वाचता फेकलं तरी ते मला कळणार नाही, म्हणून वाचलं असंच धरून चालते.

सुगतचं तोंड उघडत नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी चिकन केलं होतं. तू गेल्यापासून रविवारचं चिकन मीच करते आणि तो दरवेळी म्हणतो, मीठ कमी आहे. त्या दिवशी काही बोलला नाही. पोळीचे तुकडे रश्शात भिजवले, चुरून लगदा केला आणि बोटानं गालाच्या आत ढकलला. लहान लेकराला भरवतात तसा.

"काहून असा खाऊन राहिला?"

"तोंड पूरं खुलत नाही ना."

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून."

होळीच्या आधीपासून, श्रद्धा. एका घरात राहतो आम्ही. मी ऑफिसातून येते तोवर तो जेवलेला असतो, किंवा सेकंड शिफ्टला गेलेला असतो. रविवारी सोबत जेवतो, पण समोर टीव्ही असतो.

मी म्हणाले, दाखव. दाखवत नव्हता. मग मोबाईलचा उजेड धरला. गालाची आतली बाजू पांढरी पडलेली, चामड्यासारखी ताठ, आणि मागे दाढेजवळ एक जखम. कडा वर आलेल्या.

"छाला है यार, ठीक हो जाएगा," तो म्हणाला. मला यार म्हणाला, म्हणजे घाबरला होता.

मेडिकल कॉलेजमध्ये डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. तू यावं म्हणून लिहीत नाही. मी लिहून राहिली हे त्याला माहीत नाही. घरात हे कोणाशी बोलू, हा प्रश्न होता, तेवढाच.

दीक्षाला तिच्या आत्याची आठवण आहे का, माहीत नाही. असली तर सांग.

शर्मिलाताई


रांझी
२५ नोव्हेंबर २०२२

श्रद्धा,

कॅन्सर आहे.

रिपोर्ट घेऊन आम्ही स्कूटरवर निघालो. तो चालवत होता, मी मागे. मी म्हणत होते की मला चालवू दे, पण ऐकलं नाही. वाटेत त्याच्या नेहमीच्या टपरीसमोर स्कूटर थांबवली. मला वाटलं पाण्याची बाटली घेईल. त्यानं दोन पुड्या घेतल्या, पानमसाल्याची आणि जर्द्याची. एकात एक ओतल्या, हलवल्या, डोकं मागे टाकलं आणि तोंडाच्या त्या एवढ्याशा फटीतून आत सोडल्या. टपरीवाल्याला काय माहीत, तो रोजच्यासारखा "और भैया, सब बढ़िया?" विचारत होता. सुगतनं अंगठा दाखवला.

"अरे!" मी म्हणाले.

"आज नको बोलू, ताई. उद्यापासून जे बोलायचं ते बोल."

 स्कूटरवर मागे बसले आणि त्याच्या पाठीला टेकून घरी आले. लहानपणी तो माझ्या सायकलवर मागे बसायचा, आज मी मागे होते आणि त्याचा श्वास मला त्याच्या पाठीतून ऐकू येत होता.

तू गेली तेव्हा मोहल्ल्यात सगळे एकच विचारायचे, पुडीसाठी कोणी नवरा सोडते का? दारू पीत नाही, हात उचलत नाही, पगार घरात देतो. आईसुद्धा विहारात बायकांना हेच सांगायची. दीक्षाच्या दप्तरात गोड सुपारीची पाकिटं सापडली, त्या दिवशी तू त्याच्यासमोर ती सगळी टेबलावर मांडली होती. तो हसून म्हणाला होता, "बाप की बेटी है." तुझा चेहरा मी पाहिला होता. म्हणून तर बॅग उचलून तुझ्यासोबत स्टेशनवर आले. त्याबद्दल तो माझ्याशी पावसाळाभर बोलला नाही, हे तुला माहीत नसेल.

ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं आहे. तुझ्याच गावात. त्यानं बजावून सांगितलं, "तिला कळवायचं नाही. बिलकुल नाही."

कळवून राहिली आहे. हॉस्पिटलचं नाव आणि वॉर्ड मागच्या पानावर लिहिला आहे.

शर्मिलाताई


नागपूर
१८ डिसेंबर २०२२

श्रद्धा,

तू आली नाही. तू येशील असं मी धरलंही नव्हतं. तरी भेटीच्या वेळेला खाली गेटजवळ जाऊन उभी राहत होते. एकदा तुझ्यासारखी एक बाई ऑटोतून उतरली, निळी साडी, खांद्यावर पर्स तशीच लटकवलेली. मी दोन पावलं पुढे गेले. तिनं माझ्याकडे पाहून रक्त तपासायची खिडकी कुठे आहे, विचारलं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी त्याला कागदावर चित्र काढून समजावलं. खालचा जबडा अर्धा जाईल, गाल जाईल, जिभेची एक कड जाईल. छातीचं कातडं आणि मांस वर आणून गाल भरतील.

सुगतनं एकच विचारलं, "सर, बोल तो पाऊँगा ना?"

"बोलोगे," डॉक्टर म्हणाले. "लोगों को आदत डालनी पड़ेगी।"

तुला माहीत आहे त्याचा आवाज. चौदा एप्रिलला रांझीत माईक कोणाच्या हातात द्यायचा, यावर कधी मीटिंग घ्यावी लागली नाही. लग्नात, पुण्यानुमोदनात, फॅक्टरीच्या गेट मीटिंगमध्ये, सगळीकडे तोच. तुझी आईसुद्धा तुला पाहायला आला तेव्हा म्हणाली होती, मुलगा काळा आहे पण आवाज रेडिओचा आहे.

आता तो नाकातल्या नळीनं दूध घेतो. चेहरा सुजला आहे, ओळखू येत नाही. वॉर्डात दोन्ही बाजूंना असेच चेहरे आहेत. काही तर एवढे तरुण की त्यांच्या बायकांच्या हातावरची लग्नाची मेंदी अजून पुरती उतरलेली नाही. कोणी कोणाशी बोलत नाही. एका बाजूला मिक्सर चालू असतो. आम्ही सगळ्या बाया रांगेत उभ्या राहून वरण-भात वाटून घेतो, नळीतून जाईल इतका पातळ. तिथे मात्र आम्ही बोलतो. कुंडमकडची एक गोंड बाई आहे, तिला माझी हिंदी कळते, मला तिची अर्धी. ती म्हणाली, "दीदी, घर में सबसे ज्यादा यही बोलते थे।" मी म्हणाले, आमच्याकडेही.

शुक्रवारी सुट्टी देणार आहेत. रेडिएशनचा शेक द्यायला पुढच्या महिन्यात परत यायचं. तेव्हा मी गेटपाशी उभी राहणार नाही. हे रागानं लिहिलं नाही.

शर्मिलाताई


रांझी
२० एप्रिल २०२३

श्रद्धा,

शेक संपला. नळी निघाली. तो आता तोंडानं पेज पितो. अर्धी बाहेर येते, म्हणून गळ्यात टॉवेल असतो. भिंतीकडे तोंड करून बसतो आणि मला त्या खोलीत येऊ देत नाही. छातीचं कातडं गालात लावलं ना, त्याच्यावर केस होते. ते आता तोंडात वाढतात. डॉक्टर म्हणाले, होते असं, पुढे कमी होईल. परवा आरशासमोर बराच वेळ उभा होता आणि मग कात्री शोधायला लागला. मी सगळ्या कात्र्या उचलून माझ्या कपाटात ठेवल्या.

तो बोलतो. पण ओठ मिटत नाहीत, जीभ एका बाजूला ओढली आहे. प, ब, म निघतच नाहीत. "पाणी" म्हणाला की "हाई" ऐकू येते. "आई"सुद्धा तसंच. कशाबद्दल बोलून राहिला ते मला त्याच्या भुवयांवरून आणि हातावरून कळते. सुरुवातीला तो मोबाईलवर टाईप करून दाखवायचा. आता मी त्याला म्हणते, टाईप नको करू, बोल. मला कळेल. आणि खरंच कळते. एखादी परभाषा शिकावी तशी मी त्याची बोली शिकले आहे.

पण ती दुसऱ्या कोणाला येत नाही. लोक आले, पहिले काही दिवस भरपूर आले. सुगत काही म्हणायचा, ते माझ्याकडे पाहायचे. मी सांगायची. मग ते मलाच विचारायला लागले, "सुगत की तबीयत कैसी है?" तो समोर बसलेला असताना. मग यायचे कमी झाले. कोणाला दोष देत नाही. वास येतो, मलाही येतो. त्या चेहऱ्याकडे पाहायचं तर कुठे पाहायचं हे लोकांना समजत नाही.

अनुपम आला होता. फॅक्टरीत त्याच्याच शॉपमधला, तुला आठवेल, दोघं एकाच पुडीतून खायचे. सुगतजवळ बसला, त्याचा हात हातात घेऊन रडला. म्हणाला, "छोड़ दूँगा भाई, तेरी कसम." निघाला. आम्ही दोघं खिडकीत होतो. गेटाबाहेर जाऊन त्यानं स्कूटरला टेकून खिशातून पुडी काढली, दातानं फाडली. सुगत हसला. त्याचं हसणं आता कसं ऐकू येते ते मी लिहू शकत नाही. मग म्हणाला, आणि हे मला लगेच कळलं, "त्याला बोलू नको काही. लाज वाटेल त्याला."

चौदा एप्रिलला विहारातून बोलावणं आलं, मंचावर बसा म्हणून. तो गेला नाही. माईकवर अक्षत होता, वानखेडेंचा. नवीन आहे, अडखळत होता, नावं चुकवत होता. आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. सुगत खुर्चीत बसून प्रत्येक चूक झाली की मान हलवायचा. मिरवणूक गल्लीत आली तेव्हा उठून त्यानं खिडकी लावली. मग पंखाही बंद केला. मला काही समजलं नाही पंखा काहून बंद केला.

संध्याकाळी ऑफिसातून येते तेव्हा घरात काहीच आवाज नसतो. सिविल लाइंसमध्ये दिवसभर लोक माझ्या टेबलासमोर ओरडत असतात, आणि इकडे आलं की असं. आता माझ्याही लक्षात आलं, मी घरात खुणेनंच बोलून राहिली आहे. चहा? हात असा. जेवलास? हात असा.

तू उत्तर देत नाही. ठीक आहे.

शर्मिलाताई


रांझी
१२ ऑगस्ट २०२३

श्रद्धा,

तू उत्तर देत नाही म्हणूनच हे तुला सांगते. बोलणाऱ्या माणसाला सांगायची माझी हिंमत नाही.

माझ्या खालच्या ओठाच्या आत पांढरा डाग आहे. बोटानं पुसला जात नाही. खाताना झोंबते.

तुला नेहमी वाटायचं ना, ताई सकाळी बाथरूममध्ये एवढा वेळ काय करतात. गुडाखू लावत होते. तंबाखू आणि गुळाचा तो काळा मलम, छोट्या डबीत मिळतो. बोटावर घ्यायचा आणि दातांना, हिरड्यांना घासत बसायचं. आईही घासायची, पण ती उघड. शाळेत होते तेव्हा माझी दाढ दुखत होती. आईनं तिच्या डबीतलं बोटभर लावलं. चक्कर आली, उलटी झाली, मग दुखणं थांबलं. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती तरी मी मागितलं. पुढे ऑफिसात लागलं, तर जेवणाच्या सुट्टीतही पाहिजे. पर्समध्ये डबी, टूथपेस्टच्या खाली. तिथे कोणाला माहीत नाही. आपल्यात बाया तंबाखू खात नाहीत, दात घासतात. आम्ही कधी त्याला दुसरं नाव दिलंच नाही.

नागपूरला डॉक्टर म्हणाले होते, सोबत आलेल्या घरच्यांनी आपलंही तोंड दाखवून घ्या, फुकट तपासतो. माझ्याकडे पाहून म्हणाले, "आप कुछ लेती हैं?" मी पदर नीट करून म्हणाले, "जी नहीं." त्या वेळीही माझ्या ओठाखाली ते होतं. सुगतची नळी साफ करायची, हात धुवायचे, आणि बाहेरच्या बेसिनजवळ जाऊन डबी उघडायची. त्याला पाहून माझं सुटायला पाहिजे होतं. उलट वाढलं. दिवसभर त्याच्याजवळ बसून मला दुसरं काय होतं?

सुगतला सांगू शकत नाही. तो मला रागावेल. आणि तो रागावला तर ते फक्त मलाच समजणार.

दवाखान्यात एकटी गेले तर ते विचारतील, सोबत कोण आहे. मी इतक्या लोकांना सोबत घेऊन गेले आहे. आईला, बाबांना, सुगतला. मला कोण नेईल हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

हे पत्र तू वाचून झाल्यावर फाडून टाक. तुझ्या आईच्या हाती लागू देऊ नको.

शर्मिलाताई


रांझी
२ सप्टेंबर २०२३

श्रद्धा,

तुझं पत्र आलं. पोस्टमन दारात उभा होता आणि मी त्याच्यासमोरच फोडलं.

"ताई, त्या घरासाठी मी येणार नाही. तुमच्यासाठी येते. तपासणीची तारीख कळवा. मी सोबत असल्याशिवाय जाऊ नका." बस, एवढंच. पण एवढंच मी किती वेळा वाचलं ते विचारू नको.

मंगळवारची तारीख घेतली आहे, एकोणीस. तू आदल्या दिवशी आली तर मी स्टेशनवर असेन. माझा फोन नंबर तोच आहे.

सुगतला सांगितलं की तू येणार. कशासाठी तेही सांगितलं, सांगावंच लागलं.  त्यानं उठून माझ्या पर्समधून डबी काढली. त्याला माहीत होतं, श्रद्धा. कोणत्या खणात असते तेही माहीत होतं.

ताई


रांझी
५ नोव्हेंबर २०२३

श्रद्धा,

तू फोनवर म्हणते की आता बोलतो ना आपण, मग पत्र कशाला. फोनवर मला नीट जमत नाही. तू हो हो करते आणि मी विसरते.

डाग अजून कॅन्सर नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू माझा दंड इतका जोरात धरला होता की मला पहिल्यांदा दुखलं तेच कळलं. "अजून नाही" हे दोन शब्द मी घरी घेऊन आले. सोडा, आणि तपासायला येत राहा. सोडणं चालू आहे. तू डबी नेली. तू गेल्यावर मी दुसरी आणली. खोटं कशाला लिहू? ती संपली, त्यानंतर आणली नाही. सकाळी डोकं फुटते. ऑफिसात एका म्हाताऱ्या पेन्शनरवर ओरडले आणि मग त्याच्या मागे जिन्यापर्यंत जाऊन माफी मागितली. रस्त्यात एखादी बाई दात घासताना दिसली की तिच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटते.

पण मला त्या दिवसाबद्दल लिहायचं होतं, तू दीक्षाला घेऊन आली त्याबद्दल.

सुगतनं सकाळीच दाढी केली, जितकी करता येते तितकी. नवीन शर्ट घातला, टॉवेल लपवला, मास्क लावला. तू आत आली नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. ते बरोबर होतं, मी तुला आत ये म्हणाले नाही. त्यानंही म्हटलं नाही. दीक्षा दारात उभी होती. किती उंच झाली.

सुगत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाले बाबा?" तिनं मला विचारलं.

"म्हणतो, उंच झाली."

"तुम्ही बारीक झाले," ती म्हणाली. त्याच्याकडे पाहून म्हणाली, माझ्याकडे नाही. इतक्या महिन्यांत त्याच्याशी सरळ बोलणारी ती पहिली. मग म्हणाली, "मास्क काढा ना. मला पाहायचं आहे."

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी काही खूण केली नाही. त्यानं मास्क काढला. दीक्षानं पाहिलं. तिचे डोळे भरले, पण नजर हलवली नाही तिनं.

"दुखते?"

त्यानं मान हलवली, नाही.

मग दोघं बोलत बसले, मधे मी. शाळा, सायकल, कोणता विषय आवडतो. तो विचारायचा, मी सांगायची, ती उत्तर द्यायची. एकदा तो काहीतरी लांबलचक म्हणाला आणि मी सांगायच्या आधीच ती हसली. म्हणाली, "समजलं मला. म्हणून राहिले की आईचं डोकं खाऊ नको." बरोबर होतं. मला क्षणभर, काय सांगू, कसंतरीच वाटलं. आनंद झालाच. पण ती बोली माझी एकटीची होती ना.

तुझ्या कानावर सगळं येत होतं, व्हरांड्यात. जाताना तू आत पाहून मान वाकवली. त्यानं हात जोडले. यापेक्षा जास्त तुमच्यात काही व्हावं, असं मी मनात धरून होते का, तर होते. पण तू जितकं केलं तितकंच खरं होतं.

ताई


रांझी
२६ जानेवारी २०२५

श्रद्धा,

तुम्ही दोघी नागपूरला पोचल्या, हे कळलं. दीक्षाची परीक्षा जवळ आहे, तिला अभ्यासाला बसव.

घर आवरून झालं. त्याचे टॉवेल मी फेकले. भाड्यानं आणलेला पलंग परत केला. लोक येऊन गेले. विहारात कार्यक्रम नीट झाला, अक्षतनं सूत्रसंचालन केलं. आता चांगलं करतो. एकही नाव चुकलं नाही. ऐकताना मला वाटलं, सुगतला मान हलवायला काही मिळालं नसतं.

तुझ्यासोबत नागपूरला येऊन राहा म्हणतेस. माझं रिटायरमेंट पुढच्या वर्षी आहे, मग पाहू. तपासणीला तर येतेच आहे. डाग लहान झाला आहे. सकाळी अजून हात डबी शोधतो, पण शोधून परत येतो. संध्याकाळी ऑफिसातून येऊन कुलूप उघडते तेव्हा मी मोठ्यानं काहीतरी बोलते, दिवा लागला, दूध आणलं, असं काहीही. खुणेची सवय मोडायची म्हणून.

गाडीत बसताना तू विचारलं, शेवटी काही बोलले का? दीक्षा मागेच उभी होती. मी म्हणाले, नंतर सांगते. ते सांगायला बसले आहे.

गाठ मानेत परत आली तेव्हापासून त्याचा आवाज बसत चालला होता, तुला माहीत आहे. शेवटच्या आठवड्यात टाईप करायला बोटांत ताकद नव्हती. तरी मला कळत होतं. कुशीवर कर, पाणी, दिवा बंद कर, सगळं कळत होतं. नर्सबाई म्हणायची, दीदी को सब समझ में आता है।

त्या दुपारी ऊन त्याच्या पायांपर्यंत आलं होतं. मी पेज घेऊन गेले तर त्यानं मान फिरवली. मग माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाला. तीन-चार शब्द असतील. मला कळलं नाही. मी म्हणाले, परत बोल. तो परत बोलला, तेच, त्याच चालीत. मी कान त्याच्या तोंडाजवळ नेला. पाणी? त्यानं डोळे मिटले, म्हणजे नाही. उशी? नाही. दीक्षा? डोळे मिटले. श्रद्धा? मिटले. दुखते का? आईबद्दल म्हणतो? माझ्या डागाबद्दल विचारतो? मी जे जे सुचलं ते विचारलं, श्रद्धा, रस्त्यावरच्या माणसाला विचारावं तसं. तो दमला. तरी आणखी एकदा म्हणाला, आणि मग नुसतं माझ्याकडे पाहत राहिला, माझं उत्तर काय येते त्याची वाट पाहत.

संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

सगळ्यांनी मला विचारलं, कारण फक्त मलाच समजायचं. विहारातल्या लोकांना मी सांगितलं, वंदना म्हणत होता. त्यांना बरं वाटलं. अनुपम पायरीवर बसून रडत होता, त्याला सांगितलं, तुझी आठवण काढली. दीक्षालाही तिचं नाव घेतलं म्हणून सांगता आलं असतं. ते तिला आयुष्यभर पुरलं असतं. पण तिनं त्याला मास्क काढायला लावला होता. तिला खोटं सांगायचं नाही, आणि तुलाही नाही.

मला समजलं नाही.

तो पाहतच होता, म्हणून मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "हो. हो, सुगत." त्याचा चेहरा निवांत झाला. मी कशाला हो म्हणाले, ते मला माहीत नाही.

ताई